‘तात्पुरतं बंद करून ठेव’ : ड्रायव्हर, सिक्युरिटी आणि गेलेलं नेट

कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर हा भाग इथे वाचायला दिलाय. नेहमीप्रमाणे बोललेलं थोडं नीट करून लिहिलंय, ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढून टाकलेत. तरी काही राहिलेच असतील, सांभाळून घ्या.

आपल्यापैकी बहुतेकांचं सगळं आयुष्य फोनवर चालतं. पण वर्षातून दोन-चार वेळा लॅपटॉपशिवाय अडतंच. ऑनलाइन परीक्षा असते, प्रोजेक्ट असतो, नाहीतर इंटरव्ह्यू असतो. आणि नेमका तेव्हाच तो लॅपटॉप म्हणतो, ‘नो इंटरनेट’. आजचा भाग त्या क्षणाबद्दल आहे. गोष्ट माझ्या घरातली आहे, आणि सुरुवातीलाच कबूल करतो, तिच्यातला गुन्हेगार मी आहे.

रात्री साडेनऊचा फोन

माझी मावसबहीण बार्शीला असते, मी पुण्यात. जूनमध्ये एका रात्री साडेनऊला तिचा फोन आला. “दादा, लॅपटॉपचं नेट गेलं. उद्या दहाला माझी टेस्ट आहे.”

टेस्ट म्हणजे नोकरीसाठीची ऑनलाइन परीक्षा. कॅमेरा चालू ठेवून द्यायची, लॅपटॉपवरूनच द्यायची, आणि टेबलावर मोबाइल दिसला तर बाद. त्यामुळे ‘फोनवरून दे ना’ हा पर्याय नव्हता.

मी विचारलं, “काय केलंस?” ती म्हणाली, “मी काही नाही केलं.” मग दहा सेकंदांनी, “विंडोज सिक्युरिटीत पिवळं चिन्ह दिसत होतं. मेमरी इंटिग्रिटी ऑफ आहे, धोका आहे, असं लिहिलं होतं. मी ते ऑन केलं. रीस्टार्ट झाला आणि नेट गेलं.”

मी लगेच म्हणालो, “मग ते परत ऑफ कर. तात्पुरतं.”

आणि हे वाक्य तोंडातून निघाल्यावर मला आठवलं, की हेच वाक्य मी मागच्या दिवाळीत मावशीकडे बसून म्हणालो होतो. तेव्हा लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटत होतं. मी बाजारातून एक स्वस्त वायफाय डोंगल आणला, यूएसबीला लावायचा तो छोटासा. त्याच्याबरोबर आलेला ड्रायव्हर जुना होता, विंडोज त्याला आत येऊ देईना. म्हणून मी मेमरी इंटिग्रिटी बंद केली. “तात्पुरतं बंद ठेवतो, नंतर बघू,” असं म्हणून फराळाला बसलो. ते ‘नंतर’ सात महिने आलंच नाही. त्या सात महिन्यांत त्याच लॅपटॉपवरून मावशीचं नेट बँकिंग चाललं, बहिणीची सगळी कागदपत्रं त्याच्यावर होती.

म्हणजे बहिणीने जे केलं ते बरोबर होतं. चूक माझी होती, आणि तिच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ती वर आली.

ड्रायव्हर म्हणजे नक्की काय?

इथे जरा थांबून समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. वायफायची चिप एका भाषेत बोलते, विंडोज दुसऱ्या. मध्ये ड्रायव्हर असतो. साधं प्रोग्राम असतं, पण त्याची बसायची जागा खास असते.

देवळाचं उदाहरण घ्या. सभामंडपात कुणीही येऊन बसतं. तुमचा ब्राउझर, गेम, वर्ड हे सगळे सभामंडपातले. त्यांनी गोंधळ घातला तर त्यांना बाहेर काढता येतं, देऊळ चालू राहतं. गाभाऱ्यात मात्र मोजक्यांनाच प्रवेश. कॉम्प्युटरच्या गाभाऱ्याला कर्नल म्हणतात. बरेचसे ड्रायव्हर थेट तिथे काम करतात. तिथून त्यांना अख्खी मेमरी दिसते, टाइप केलेला पासवर्ड वाचता येतो, अँटिव्हायरसलाही गप्प बसवता येतं.

आत गेलेल्याची नुसती चूक झाली तरी काय होतं, ते आपण पाहिलंय. १९ जुलै २०२४ आठवतंय? जगभर निळ्या पडद्यांची रांग लागली होती. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीचं सॉफ्टवेअर कर्नलमध्ये चालतं. त्याला गेलेल्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स बंद पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याचे फोटो तुम्ही फॉरवर्डही केले असतील. ती चूक होती, हल्ला नव्हता. मुद्दाम कुणी आत शिरलं तर काय होईल, विचार करा.

म्हणून गाभाऱ्याच्या दारावर ओळखपत्र तपासलं जातं. त्याला म्हणतात ड्रायव्हरची डिजिटल सही. ६४ बिटच्या विंडोजमध्ये व्हिस्टापासून ही सही सक्तीची आहे. २०१६ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटपासून नियम आणखी कडक झाला, नव्या कर्नल ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टकडूनच सही घ्यावी लागते.

“मग सही असली की झालं ना?” नाही. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट. इराणच्या अणुप्रकल्पातली यंत्रं बिघडवणारा हा व्हायरस. त्याच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानच्या दोन कंपन्यांच्या खऱ्या सह्या होत्या. ज्या डिजिटल प्रमाणपत्रांनी सही करतात, तीच चोरीला गेली होती. ओळखपत्र खरं, माणूस चोर.

दुसरी गेमवाल्यांसाठी. गेनशिन इम्पॅक्ट हा गेम माहीत असेल. त्यात चीटिंग पकडायला एक ड्रायव्हर होता, सही केलेला, पूर्ण कायदेशीर. पण त्यात त्रुटी होती. २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रोने दाखवून दिलं, की खंडणीखोर व्हायरसवाले तोच ड्रायव्हर स्वतःबरोबर घेऊन येतात आणि त्याच्या मदतीने अँटिव्हायरस बंद पाडतात. तुमच्याकडे तो गेम असायचीही गरज नाही.

म्हणून विंडोजने आणखी एक पहारेकरी ठेवला, मेमरी इंटिग्रिटी. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन ही सोय वापरून तो गाभाऱ्याच्याही बाहेर, वेगळ्या कोठडीत बसतो. आत कुठला कोड चालू द्यायचा हे तो तिथून ठरवतो. आतल्या कुणी सांगितलं तरी तो हलत नाही. जुन्या पद्धतीने लिहिलेले काही ड्रायव्हर त्याच्या नियमात बसत नाहीत, मग तो त्यांना अडवतो. याशिवाय धोकादायक म्हणून माहीत असलेल्या ड्रायव्हरची एक काळी यादी असते. विंडोज ११ च्या २०२२ च्या अपडेटपासून ती आपोआप चालू असते.

माझ्या डोंगलचा ड्रायव्हर हा असा अडवलेला. तो व्हायरस होता असं मी म्हणत नाही. तो जुना होता. पण त्याला आत घेण्यासाठी मी पहारेकऱ्यालाच घरी पाठवलं होतं.

व्हिडिओत दिसणारे चार शॉर्टकट

मी विचार करत होतो तोवर बहिणीने फोनवर व्हिडिओ शोधले होते. “दादा, यात सांगतायत सिक्युअर बूट बंद करा, फायरवॉल बंद करा, मग हे सॉफ्टवेअर टाका, सगळे ड्रायव्हर अपडेट होतात.” मी म्हटलं, “आधी काहीही दाबू नकोस.”

हे शॉर्टकट तुम्हालाही दिसणार, म्हणून एकेक बघू.

सिक्युअर बूट बंद करणं. विंडोज सुरू होण्याआधी जे काही चालतं, त्याची सही हे तपासतं. तुमच्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन चालू असेल आणि तुम्ही सिक्युअर बूट बंद केलंत, तर पुढच्या वेळी तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. परीक्षेच्या आदल्या रात्री अकरा वाजता ४८ आकडे कुठून आणणार? नेट नव्हतं, आता लॅपटॉपच नाही.

ड्रायव्हरची सही तपासणं बंद करणं. स्टार्टअपच्या मेनूतून केलं तर ते त्या एका वेळेपुरतंच चालतं, पुढच्या रीस्टार्टला ड्रायव्हर पुन्हा अडतो. कायमचं करायचं म्हणून काही व्हिडिओ टेस्ट मोड चालू करायला लावतात. मग पडद्याच्या कोपऱ्यात ‘टेस्ट मोड’ अशी अक्षरं दिसत राहतात. सेकंडहँड लॅपटॉप घेताना ही अक्षरं दिसली, तर आधीच्या मालकाला विचारा.

फायरवॉल बंद करणं. विंडोजचा फायरवॉल मुळात बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो. आतून बाहेर जाणाऱ्याला तो सहसा सोडतो. त्यामुळे एकही साइट उघडत नसेल, तर फायरवॉल बंद करून फायदा होण्याची शक्यता फारच कमी.

आणि ते ‘सगळे ड्रायव्हर अपडेट’ करणारं फुकट सॉफ्टवेअर. स्कॅन करून लाल अक्षरांत सांगतं, तुमचे इतके ड्रायव्हर जुने आहेत. अरे, चालणारा ड्रायव्हर जुना असला म्हणून बिघडलेला नसतो. आणि ज्याच्या हातात तुम्ही गाभाऱ्याची किल्ली देताय, तो कोण आहे हे तरी माहीत आहे का? ड्रायव्हर तीनच ठिकाणांहून घ्यायचे : विंडोज अपडेट, लॅपटॉपच्या कंपनीची साइट, किंवा ती चिप बनवणाऱ्या कंपनीची साइट.

पायरी शून्य : बिघाड नक्की कुठे आहे?

नेट गेलं की आपण सगळीकडे एकदम हात घालतो. पाच सेटिंग बदलतो, आणि मग चालू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही. घरातली लाइट गेली तर आपण काय करतो? आधी खिडकीतून बघतो, शेजारच्यांची गेली का. मग फ्यूज. मग बल्ब. नेटलाही तसंच.

म्हणून पहिला प्रश्न, “तुझ्या फोनवर घरचं वायफाय चालतंय का?” चालत होतं. म्हणजे लाइन ठीक, राउटर ठीक. बिघाड लॅपटॉपमध्येच. फोन हे फुकटातलं टेस्टर आहे, वापरा.

दुसरी गोष्ट, तोच फोन लॅपटॉपला नेटही देऊ शकतो, वायफाय मेलेलं असतानासुद्धा. हॉटस्पॉट नाही बरं का, हॉटस्पॉटसाठी लॅपटॉपचं वायफाय लागतं. यूएसबी टेदरिंग. फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करायचं. अँड्रॉइड फोनसाठी विंडोजमध्ये लागणारा ड्रायव्हर बहुतेक वेळा आधीच असतो. आणि बऱ्याच फोनमध्ये घरच्या वायफायला जोडलेला असताना तेच नेट केबलमधून पुढे जातं, मोबाइल डेटा खर्च होत नाही.

बहिणीने केबल लावली, काही झालं नाही. पुन्हा लावली, काही नाही. मग लक्षात आलं, ती केबल फक्त चार्जिंगची होती. काही केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. मावशीच्या फोनची केबल लावली आणि लॅपटॉपवर नेट आलं.

तिला वाटलं झालं काम. पण सकाळी परीक्षेच्या टेबलावर फोन ठेवता येणार नव्हता. टेदरिंग हे दुरुस्तीपुरतं. आता मावशीच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला आणि पुढचं बघायला घेतलं.

पायरी एक : हार्डवेअर दिसतंय का?

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. त्यात नेटवर्क अडॅप्टर्स उघडायचं. इथली चिन्हं वाचायला शिका :

पिवळा त्रिकोण म्हणजे ड्रायव्हरची अडचण. त्यावर डबल क्लिक केलं की कोड दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड ५२ म्हणजे सही पटली नाही. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हर लोड झाला नाही, तो खराब असेल किंवा त्याला अडवलं असेल. कोड १० म्हणजे उपकरण सुरूच होत नाही.

खाली जाणारा छोटा बाण म्हणजे बिघाड नाही, कुणीतरी ते हाताने बंद केलंय.

नाव यादीतच नसेल, तर यूएसबी दुसऱ्या खोबणीत लावून बघा. आतलं वायफाय असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. एअरप्लेन मोडची की चुकून दाबली गेली नाही ना, तेही बघा. हसू नका, हे फार वेळा निघतं.

आमच्याकडे डोंगलवर पिवळा त्रिकोण होता, कोड ३९. आणि त्याच्या वर, लॅपटॉपच्या आतल्या वायफायवर, तो खाली जाणारा बाण. दिवाळीत डोंगल आणल्यावर ‘दोन-दोन कशाला’ म्हणून ते मीच बंद केलं होतं. हा माझा दुसरा गुन्हा.

राइट क्लिक, एनेबल. बाण गेला. वायफायची नावं दिसायला लागली. पासवर्ड टाकला, कनेक्टेड! आणि खाली बारीक अक्षरांत : नो इंटरनेट.

पायरी दोन : पत्ता बरोबर आहे का?

इथे ड्रायव्हरचा विषय संपला आणि नेटवर्क सेटिंगचा सुरू झाला. हा फरक लक्षात ठेवा. वायफायला जोडलं जातंय म्हणजे ड्रायव्हर काम करतोय. आता ड्रायव्हरला हात लावायचा नाही.

टेदरिंगची केबल काढायची, नाहीतर कुठलं नेट चाललंय तेच कळत नाही. मग स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. काळी खिडकी बघून घाबरू नका. त्यात आयपीकॉन्फिग ही कमांड द्यायची, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. त्यात दोन ओळी बघायच्या : आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस आणि डिफॉल्ट गेटवे. पहिला तुमच्या लॅपटॉपचा पत्ता, दुसरा राउटरचा. घरगुती नेटवर्कमध्ये साधारणपणे दोघांचे पहिले तीन आकडे सारखे असतात, जशी एकाच गल्लीतली घरं.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, लॅपटॉपने स्वतःच काहीतरी मांडून घेतलाय.

बहिणीने वाचून दाखवलं, “१९२.१६८.१.५०. आणि गेटवे १९२.१६८.१.१.” मी म्हटलं, “मग ठीक दिसतंय. फोनमध्ये वायफायची माहिती उघड, गेटवे काय आहे?” ती म्हणाली, “१९२.१६८.०.१.”

आणि डोक्यात प्रकाश पडला. वायफाय तुटत होतं तेव्हा कुठेतरी वाचून मी तो पत्ता हाताने भरला होता. फरक पडला नव्हता, पण मी तो परत काढलाही नव्हता. मार्चमध्ये मावशीने इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला, त्याची गल्ली वेगळी. लॅपटॉप नव्या गल्लीत उभा राहून जुन्या गल्लीचा पत्ता सांगत होता. गुन्हा क्रमांक तीन.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज. तिथे आयपी असाइनमेंट आणि डीएनएस सर्व्हर असाइनमेंट, दोन्हींपुढे ‘मॅन्युअल’ असेल तर ‘ऑटोमॅटिक’ करायचं. केलं. दहा-बारा सेकंद गेले. मग मावशीच्या फोनमधून बहिणीचा आवाज आला, “दादा, आलं!”

पायरी तीन : तरीही साइट उघडत नसेल तर

आमचं काम तिथे झालं, पण तुमचं अडलं तर पुढे असं जा.

काळ्या खिडकीत पिंग ही कमांड, एक जागा सोडून ८.८.८.८, आकडे इंग्रजीत. उत्तर आलं पण नावाने कुठलीच साइट उघडत नसेल, तर डीएनएसची अडचण. डीएनएस म्हणजे नावावरून नंबर शोधून देणारी फोन डायरी. इथे सिक्युरिटीचाही मुद्दा येतो. डायरी खोटी असेल तर तुम्ही बँकेचं नाव बरोबर टाकूनही दुसऱ्याच दारात जाऊ शकता. म्हणून डीएनएसमध्ये अनोळखी आकडे दिसले तर आधी ऑटोमॅटिक करा. ‘सुपरफास्ट डीएनएस’ म्हणून कुणी दिलेले कुठलेही आकडे भरू नका.

मग प्रॉक्सी बघा. नेटवर्क अँड इंटरनेटमध्येच प्रॉक्सीचं पान आहे. तिथे मॅन्युअल प्रॉक्सी चालू असेल आणि ती कॉलेजने किंवा ऑफिसने दिलेली नसेल, तर बंद करा, आणि मग लॅपटॉप स्कॅन करा. कुणीतरी ती लावली असणार.

घड्याळ बघा. तारीख चुकली तर साइट सुरक्षित नाही असे इशारे येतात, कारण प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. जुन्या कॉम्प्युटरचं घड्याळ रोज मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरचा बटण सेल संपला असेल.

सगळ्यात शेवटी नेटवर्क रीसेट. हे सगळे अडॅप्टर काढून पुन्हा टाकतं, वायफायचे पासवर्ड आणि व्हीपीएनही जातात. बिघाड कुठे आहे ते कळत नसेल तरच. सुरुवातीला नाही.

मग त्या डोंगलचं काय झालं?

पावणेअकरा वाजले होते. नेट होतं, पण आतलं वायफाय तसंच अशक्त, बहिणीच्या खोलीत एकच काडी. परीक्षेच्या मध्येच तुटलं तर? एक बटण बंद केलं असतं, तर दोन मिनिटांत डोंगल चालला असता. खरं सांगतो, मोह झाला.

आम्ही आधी सरळ मार्ग पाहिला. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन. मेमरी इंटिग्रिटी चालू होती, तशीच ठेवली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगल अनइंस्टॉल केला. तेव्हा ड्रायव्हरही काढून टाकायचा का असं विचारणारा एक चौकोन येतो, त्यावर टिक करायची, नाहीतर तोच जुना ड्रायव्हर परत बसतो. रीस्टार्ट. मग विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स. नवा ड्रायव्हर असला तर तिथे दिसतो. आमच्या डोंगलसाठी नव्हता. डोंगलवर कंपनीचं नाव-गाव नव्हतं, मग साइट कुठली शोधणार?

डोंगल खणात गेला. मावशीने बाहेरच्या खोलीत, राउटरच्या खाली टेबल लावून दिलं. तिथे वायफाय पूर्ण भरत होतं. सकाळी टीव्ही बंद, बेल बंद, दारावर चिठ्ठी. बहिणीने पावणेदहाला सिस्टिम चेक केला, दहाला टेस्ट सुरू झाली, साडेअकराला संपली. नेट एकदाही तुटलं नाही. निकाल अजून यायचाय.

समजा राउटरजवळही चाललं नसतं तर? तर मी मेमरी इंटिग्रिटी बंद करायला सांगितलं असतं. हो, सांगितलं असतं. मुलीची नोकरी पणाला लागलेली असताना मी तत्त्वज्ञान सांगत बसलो नसतो. पण मग बारा वाजता पुन्हा फोन करून ती चालू करून घेतली असती, आणि तोवर त्या लॅपटॉपवर बँक उघडायची नाही असं मावशीला बजावलं असतं.

एक वही करा

त्या रात्री मी केलेल्या तीन गोष्टी सापडल्या : बंद केलेला पहारेकरी, बंद केलेलं वायफाय, हाताने भरलेला पत्ता. तिन्ही त्या वेळी ‘तात्पुरत्या’ होत्या. मी त्यांच्यातली एकही कुठे लिहून ठेवली नव्हती, म्हणून त्या कायमच्या झाल्या. बंद केलेलं प्रत्येक सेटिंग म्हणजे उधारी. उधारी लिहून ठेवली तरच फिटते.

म्हणून एवढंच करा. लॅपटॉपमध्ये काही बदलायच्या आधी फोनने त्या पडद्याचा फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. फरक पडला नाही तर ती आधी जशी होती तशी करा, मगच दुसरीला हात लावा. आणि सिक्युरिटीतलं काही बंद केलंत, तर लगेच फोनमध्ये रिमाइंडर लावा : उद्या संध्याकाळी सात, परत चालू कर.

आणि घरातले कॉम्प्युटरवाले दादा-ताई आपणच असू, तर ही जबाबदारी आपली जास्त. मावशीला मेमरी इंटिग्रिटी कळत नाही, तिला एवढंच कळतं की भाच्याने बघितलंय म्हणजे ठीक असणार.

आज घरी गेल्यावर दोन मिनिटं काढा. विंडोज सिक्युरिटी उघडा, पिवळं चिन्ह दिसतंय का बघा. दिसलं तर ते कुणी, कधी आणि कशासाठी बंद केलं, ते घरात विचारा. कदाचित उत्तर आरशात सापडेल. माझं तिथेच सापडलं.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत डेटाची केबल जवळ ठेवा!